आईने दुरुस्त केलेलं समुद्राचं गणित

माझी आई कोल्हापुरात म्हशी राखायची. तिचं माहेर राधानगरीकडचं. वडील आम्ही शाळेत असतानाच गेले, आणि तिने चार म्हशींवर मला आणि माझ्या थोरल्या भावाला शिकवलं. संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या करायच्या आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळता पेला हातात द्यायचा, हा तिचा धंदा. बायका तिथे कमीच. ती बिनघोर बसायची.

मी समुद्रातल्या प्लवकांचा अभ्यास करते. प्लवक म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे बारीक जीव. त्यातले काही वनस्पतींसारखे. ते उन्हावर वाढतात आणि हवेतून पाण्यात उतरलेला कार्बन अंगात घेतात. दुसरे इवले प्राणी, ते या पहिल्यांना खातात. त्यांची विष्ठा, मेलेली शरीरं तळाकडे जातात आणि तो कार्बनही खोल पाण्यात जाऊन पडतो. किती वाढतं, किती खाल्लं जातं, किती खाली उतरतं, हे सगळं समीकरणांत मांडून मी संगणकावर एक समुद्र चालवते. किनाऱ्यावरच्या एका संस्थेत माझी ही नोकरी आहे.

दोन वर्षं तो समुद्र खऱ्या समुद्राशी जुळत नव्हता. जहाजावरच्या लोकांना खोल पाण्यात जेवढा कार्बन सापडायचा, त्याहून माझ्या गणितात फार कमी यायचा. मे महिन्यात सुट्टीवर घरी आले तेव्हाही डोक्यात तेच होतं. आई गोठा झाडत होती. मी पायरीवर बसून तिला ते सांगत होते, कारण दुसऱ्या कोणाला सांगायचं बाकी राहिलं नव्हतं.

"एवढासा किडा दिसभर करतोय काय?" तिने विचारलं.

"रात्री वर येऊन चरतो. उजाडलं की मासे खातील म्हणून खाली अंधारात जातो."

"आन शेण कुठं टाकतोय?"

"खातो तिथंच. म्हणजे, आम्ही तसं धरलंय."

"तुमी धरलंय!" ती खराटा टेकून हसायला लागली. "आगं, म्हस चरती रंकाळ्याच्या कडंला, पर शेणाची पाटी मी हितनं उचलतीया की! पोटात घिऊन येती ती. तुझा किडा खाल्ल्या खाल्ल्या हगतोय व्हय?"

मी हसले नाही. उठून आत गेले आणि वही उघडली. माझ्या गणितातले प्राणी वर-खाली फिरत होते, पण खाल्लेलं सगळं वरच टाकून रिकाम्या पोटाने खाली जात होते. अन्न पोटात काही तास राहतं, एवढी साधी गोष्ट आम्ही सोय म्हणून गाळली होती.

परत जाऊन मी समीकरण बदललं. मोठ्या संगणकावर ते पूर्ण चालायला काही आठवडे लागणार होते. मधेच एका रविवारी आईचा फोन आला. "उजव्या हाताला मुंग्या येत्यात गं. पेला निसटला आज."

"मी येते, आपण डॉक्टरांना दाखवू. एवढं संपू दे, पुढच्या रविवारी येते."

"संपव की तुझं. मला काय हुतंय."

भावालाही सांगते असं तिला म्हणाले आणि विसरले. तो आईजवळच राहायचा, पण हातकणंगल्याजवळ कारखान्यात नोकरीला, सकाळी जाऊन संध्याकाळी यायचा. बुधवारी दुपारी म्हशी ओरडायच्या थांबेनात म्हणून शेजारीण डोकावली, तर आई गोठ्यात पडलेली. कधीपासून, ते कोणालाच कळलं नाही. भावाचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर पडद्यावर दोन रेषा होत्या, एक जहाजावरच्या मोजणीची आणि एक माझ्या गणिताची. त्या पहिल्यांदाच एकमेकींवर बसल्या होत्या.

दवाखान्यात पोचल्या पोचल्या मी डॉक्टरांना त्या मुंग्यांचं सांगितलं होतं. नंतर ते आम्हा दोघांना म्हणाले, "उजवी बाजू गेलीय. वाचाही. मुंग्या आल्या तेव्हाच आणलं असतं तर औषधांनी कदाचित टळलं असतं." भाऊ माझ्याकडे वळला. "मुंग्या? कवा?" मी सांगितलं. तो बाहेर गेला.

मी बिनपगारी रजा घेऊन घरीच राहिले. तिला भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची. दोन महिन्यांनी तिच्या तोंडून एक शब्द फुटला. व्हय. आम्हाला वाटलं आता हळूहळू बोलेल. पण तेवढाच आला. पाणी देऊ? व्हय. नको का? व्हय. कट्ट्यावर आवाज चढवून बोलणारी माझी आई त्या एकाच शब्दात अडकली. तो पुरत नाही हे तिलाही कळायचं. डावी मूठ गादीवर आपटायची आणि डोळ्यांतून पाणी यायचं.

मी तिला त्या दोन रेषा दाखवल्या. "तुझ्यामुळं जुळलं बघ. तुझा तो किडा पोटात घेऊनच खाली जातो." तिने कागद डाव्या हातात धरला, उलटा. मग माझ्याकडे बघत राहिली.

एकदा तिचे केस विंचरताना मी विचारलं, "आई, माझ्यावर राग आहे का तुझा?"

"व्हय."

मी केसांचा गुंता सोडवत राहिले. थोड्या वेळाने मी दुसऱ्या बाजूने विचारलं, "राग नाही ना?"

"व्हय."

त्यानंतर पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. पडल्यापासून साडेदहा महिन्यांनी, सकाळी चहा भरवत असताना, ती गेली. घोट ओठांच्या कडेने बाहेर आला तेव्हा मला कळलं.

म्हशी मामा घेऊन गेला. आमचा शोधनिबंध छापून आला. लोकांनी विचारलं, हे सुचलं कसं? मी म्हटलं, घरी बोलता बोलता.

भाऊ वर्षभर माझ्याशी बोलला नाही. हल्ली फोन करतो. पाऊस किती झाला, जेवलीस का, असं काहीबाही बोलतो. त्या रविवारचं तो काढत नाही. मीच एकदा काढलं, तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता." आणि तरी फोन ठेवला नाही. मग त्यानेच विचारलं, "जेवलीस का?"