पान कुठल्या बाजूला दुमडायचं

शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५. सकाळी नळाचं पाणी गढूळ. दोडके कोवळे मिळाले. सुनेने, संयुक्ताने, केळीची पानं आणली, त्यातली दोन फाटकी. विजयेंद्र म्हणतो, उद्या नडुत्तिट्टूचं घर एकदाचं सुटेल. मोठं पातेलं बरोबर न्यायचं. आठवणीने परत आणायचं.

एवढं लिहून विद्यालक्ष्मीबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि त्या झोपायला गेल्या. झोप मात्र लागली नाही. त्याचा दोष त्यांनी दोडक्यांना दिला.

नडुत्तिट्टू हे पुलिकतच्या खाऱ्या सरोवरातलं एक बेट. कोळ्यांची थोडी घरं, एक देऊळ, एक शाळा, मोजता येणार नाहीत इतके बगळे, आणि या सगळ्यांत एका तंजावरी मराठी कुटुंबाचं कौलारू घर. ते तिथे कसं आलं, याला कारण बाईंचे यजमान राघोत्तमराव. सरकारी कचेरीतला हा शांत माणूस एकदा इलेक्शन ड्यूटीवर बेटावर गेला. लोक इलेक्शन ड्यूटीवरून ताप घेऊन येतात, हे घर घेऊन आले.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात बाईंना तिथे जावं लागलं. वीज लहरी, पाणी मचूळ, आणि बोट भरल्याशिवाय सुटणार नाही. बाईंनी त्या घराचं नावच वनवास ठेवलं होतं. शहरात, वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये कुणी भेटायला आलं की कॉफीबरोबर वनवासाचं वर्णन ठरलेलं. राघोत्तमराव जाऊन चार उन्हाळे झाले होते. घर बंद होतं, आणि आता मुलाने, विजयेंद्रने, गिऱ्हाईक आणलं होतं.

रविवारी धक्क्यावर बोट उभी होती. आत दोन शेळ्या, गॅसचे सिलिंडर आणि कुणाचं तरी कपाट. बाईंनी नेहमीप्रमाणे स्वतःची घडीची खुर्ची मधोमध मांडली आणि छत्री उघडली.

"अम्मा, ही बोट आहे, बाल्कनी नव्हे," नावाडी एळुमलै म्हणाला.

"बाल्कनी इतकी हलत नाही. तू नीट चालव."

गिऱ्हाईक सिद्धार्थ समोर सिलिंडरवर बसला होता. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांना तो बसगाड्या पुरवायचा आणि आता त्याला बेटावर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. सिद्धार्थ तसा सभ्य होता. एका शेळीने त्याच्या कागदांचा कोपरा खाल्ला, तरी तो तिला काही बोलला नाही.

कागद रजिस्ट्रारकडे नंतर व्हायचे होते. त्याआधी बेटाची रीत होती. जेवण झाल्यावर केळीचं पान आपल्याकडे दुमडलं की संबंध राहू दे, पुन्हा येऊ; पलीकडे दुमडलं की संबंध संपला. तेराव्याला तसं दुमडतात. नडुत्तिट्टूला घर सोडतानाही तसंच. मालकिणीने आपल्या चुलीवर रांधायचं, चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना वाढायचं, शेवटी स्वतः जेवायचं. पाचही पानं पलीकडे दुमडली की घर सुटलं. एक जरी पान अलीकडे वळलं, तर कुणीही नावाडी त्या घरासाठी नवी वीट वाहून आणणार नाही. आणि विटा पोहून येत नाहीत, हे सिद्धार्थला कळत होतं.

घर उघडल्यावर बाईंनी आधी सगळं झाडून काढलं, विकायचं घर असूनही. मग सिद्धार्थला बोलावून सांगू लागल्या, "ही खिडकी संध्याकाळी लावायची, नाहीतर वाळू येते. या दाराला जरा खांदा द्यावा लागतो. आणि इथे ओट्यावर आमचे हे बसायचे, तिथला दगड..."

"अम्मा, कशाला त्रास घेता? सगळं पाडायचंच आहे."

"पाडणार?"

"कौलारू घरात एसी कसा बसणार?"

बाई चुलीकडे गेल्या. फुंकणीने इतक्या जोरात फुंकलं की राख विजयेंद्रच्या शर्टावर गेली.

सांबार, भात, चवळीची उसळ, डांगर आणि साखरभात. चार शेजारी ओळीने बसले. पहिली अंजलै, बाईंच्याच वयाची कोळीण, तोंडाने तिखट.

"मीन नाही?" तिने पानाकडे पाहून विचारलं.

"माझ्या चुलीवर मासा कधी चढला नाही."

"म्हणून तर चूल थंड पडली!" अंजलै म्हणाली. "आणि जाताय कुठे? वेलचेरीला! पुराच्या वर्षी तुम्हाला गच्चीवरून कुणी उतरवलं? माझ्या मुलाने, याच बोटीतून. इथे आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं. तरी बेटावरचे म्हणायचे आम्हालाच!"

बाईंनी तिला एक डाव सांबार जास्त वाढलं.

शेजारी जेवत राहिले. भात घ्या म्हटलं तर घेतला, नको म्हणायची वेळ आली तरी घेतला. जेवण चालू आहे तोवर पान दुमडायचं नसतं, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. पातेल्याचा तळ दिसू लागला आणि सिद्धार्थच्या जिवात जीव आला. शेवटी बाईच म्हणाल्या, "पुरे आता. मुलाने शब्द दिलाय." तेव्हा चौघांनी एकमेकांकडे बघत पानं पलीकडे दुमडली. अंजलैने सगळ्यात शेवटी, आणि नाक ओढत.

मग बाई बसल्या. त्यांच्यावर दोन शिस्ती होत्या. जेवताना बोलायचं नाही आणि ताटात काही टाकायचं नाही, ही कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची. उठताना पान आपल्याकडे दुमडायचं, घरात दिवा तेवतोय तोवर दुसरीकडे नाही, ही सासूबाईंची. डांगरात मीठ जरा जास्त पडलं, असा विचार करत त्यांनी शेवटचा घास घेतला आणि पान दुमडलं. आपल्याकडे.

"आई!" विजयेंद्र ओरडला. "पलीकडे! पलीकडे!"

बाईंनी पानाकडे पाहिलं. हात पुढे गेला, तोच अंजलैने मनगट धरलं. "उष्टं पान कुणी परत उघडतं का?"

"दुसरं पान मांडू," सिद्धार्थ घाईने म्हणाला. "अम्मांकडून चुकून झालं."

अंजलैने मनगट सोडलं. "अम्मा म्हणू दे चुकून. मग मांडा दुसरं."

सगळे बाईंकडे पाहू लागले. विजयेंद्र जवळ येऊन मराठीत म्हणाला, "आई, चुकून झालं ना? सांग एकदा."

"चूक हातानेच केली," बाई म्हणाल्या. "पण मी हाताला रागावणार नाही."

"अगं, जन्मभर वनवास, वनवास म्हणत होतीस!"

"म्हणत होते. कुरकुर करायला घर नको का?"

अंजलै इतकी हसली की तिला ठसका लागला. विजयेंद्र डोक्याला हात लावून ओट्यावर बसला, नेमका बापाच्या जागेवर, आणि बराच वेळ उठला नाही. सिद्धार्थला राग यायला हवा होता. पण बाईंनी त्याच्यापुढे पान मांडून उरलेला साखरभात वाढला होता. जेवून उठताना त्यानेही पान आपल्याकडेच दुमडलं. मग लक्षात येऊन लाजला.

"ये हो उन्हाळ्यात," बाई म्हणाल्या. "एसी नाही, वारा आहे."

परतीच्या बोटीत खुर्ची पुन्हा मधोमध होती. रात्री वेलचेरीला पोचल्यावर पाय धुऊन बाईंनी डायरी उघडली. बोट उशिरा सुटली, विजयेंद्र गप्प होता, डांगरात मीठ जास्त, असं सगळं क्रमाने लिहिलं. शेवटची ओळ अशी:

मोठं पातेलं तिथेच फळीवर ठेवलं. इथे सांबाराला उद्यापासून लहान पातेलं वापरणे.