अकरा खिडक्या, अंधारासकट

१९ मार्च २०१३, मंगळवार. काम: पळस्प्याच्या यार्डात उभ्या असलेल्या बसच्या अकरा खिडक्यांची मापं घेणे.

त्या वर्षीच्या डायरीत एवढंच लिहिलंय. खाली मापं आहेत. पहिल्या दोन खिडक्यांतच आठ मिलिमीटरचा फरक होता. बसची बॉडी हाताने ठोकून बांधलेली असते, त्यामुळे एक खिडकी दुसरीसारखी नसते. एक मोजून अकराने गुणायची सोय नाही, हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं.

नवीन पनवेलमध्ये माझं पडदे आणि ब्लाइंड्सचं दुकान आहे. तेव्हा दुकानाला बावीस वर्षं झाली होती. फ्लॅट केले, दवाखाने केले, बँका केल्या. बस कधी केली नव्हती.

बसचे मालक करमरकर. जहाजावर चीफ इंजिनियर होते, रिटायर्ड. एका कारखान्याची जुनी स्टाफ बस घेऊन त्यांनी आत घर बांधलं होतं. ड्रायव्हरच्या मागे बंद पार्टिशन, मग दोन पलंग, ओटा, छोटा फ्रिज, बाथरूम, छतावर एसी. सगळं नीटनेटकं, जिथल्या तिथे. फक्त खिडक्या उघड्या होत्या.

"मला एकच गोष्ट हवी," ते म्हणाले. "दुपारी बारा वाजता आत बसल्यावर स्वतःचा हात दिसता कामा नये."

"ब्लॅकआउट कापड उजेड पूर्ण अडवतं," मी सांगितलं. "कडा अडवत नाहीत."

"मग कडांचं बघा. जहाजावर आम्ही पोर्टहोलवर लोखंडी झाकण पाडतो. एक थेंब येत नाही, ना पाण्याचा, ना उजेडाचा."

"मग पत्रा ठोकून घ्या. माझी गरज काय?"

ते म्हणाले, "शैलाताई, एकदा घरी या. हिच्याशी बोला."

त्यांचं घर माझ्या दुकानापासून पाच मिनिटांवर. भर दुपारी बेल वाजवली, तर दाराच्या आत आणखी एक जाड पडदा. हॉलमध्ये एक पिवळा बल्ब. त्याच्याखाली सुनंदाताई मटार सोलत बसल्या होत्या. साठीच्या, गोऱ्या, बोलायला एकदम खणखणीत. त्यांना उन्हाचा आजार होता. ऊन अंगावर पडलं की कातडीवर चट्टे उठायचे, ताप भरायचा, आणि हे दुखणं मग पोटात, किडनीपर्यंत जायचं. काचेतून येणारं ऊनही चालत नव्हतं. सात वर्षं त्या दिवसा घराबाहेर पडल्या नव्हत्या.

"रात्री जाता येत नाही का?" मी विचारलं.

"एकदा गेलो होतो की. माणगावच्या पुढे गाडी बंद पडली आणि दिवस उजाडला. तीन तास मी मागच्या सीटवर गोधडी डोक्यावरून घेऊन. मग सतरा दिवस हॉस्पिटल. त्यानंतर ठरवलं, बस झालं."

पण रत्नागिरीच्या धाकट्या बहिणीला पॅरालिसिसचा झटका आला होता. ती येऊ शकत नव्हती, या जाऊ शकत नव्हत्या. फोनवर तिचं बोलणं कळेनासं झालं होतं. म्हणून बस. वाटेत कुठेही, कितीही वाजता बंद पडली, तरी आत बसता आलं पाहिजे.

"पत्र्याच्या डब्यात मात्र मी बसणार नाही," सुनंदाताई म्हणाल्या. "दिवेलागणीनंतर मला खिडकी उघडायचीय. आणि आधीच सांगून ठेवते, ट्रायलच्या दिवशी उजेड आत आला तर मी उतरून घरी येईन. परत मला कोणी जा म्हणायचं नाही. यांनीसुद्धा नाही."

करमरकर स्वयंपाकघरात चहा करत होते. त्यांचं चमच्याने ढवळणं थांबल्याचं मला ऐकू आलं.

आता निवड. आडव्या पट्ट्यांचे व्हेनिशियन घरात छान दिसतात, बसमध्ये ते टाळ वाजवल्यासारखे वाजतात आणि प्रत्येक पट्टीमधून उजेड येतो. उभ्या पट्ट्यांचे व्हर्टिकल घाटातल्या पहिल्याच वळणाला एका बाजूला जातील. घड्या पडणारा रोमन वर केला की त्याचा गठ्ठा अर्धी खिडकी खातो. उरला रोलर. म्हणजे नळीवर गुंडाळलं जाणारं कापड. त्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर फट राहते. तिला उपाय साइड चॅनेल: कापडाच्या कडा ज्यात सरकतात त्या ॲल्युमिनियमच्या खोबणी, आतून काळ्या ब्रशच्या. शिवाय बसची भिंत वरच्या बाजूला आत झुकलेली असते. मोकळं कापड काचेपासून लांब लोंबतं. चॅनेलमध्ये ते भिंतीबरोबर राहतं. काचांना अतिनील किरण अडवणारी फिल्म, तिच्या आत रोलर. कापड बाहेरून काळं, आतून पांढरं.

सुनंदाताईंनी तुकडा बल्बसमोर धरला, नखाने खरवडला, आणि "चालेल" म्हणाल्या.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझे फिटर युनूसभाई यार्डात गेलो. युनूसभाई पनवेलचेच, माझ्याकडे पंधरा वर्षं. पहिल्या खिडकीला स्पिरिट लेव्हल लावली. पाण्याचा बुडबुडा मध्यावर आला की रेघ सरळ, असं ते साधं यंत्र. खिडकीची चौकट चांगलीच तिरकी निघाली.

"मॅडम, फ्रेम टेढी आहे," युनूसभाई म्हणाले.

"बॉडीवाल्याने वाकड्या बसवल्यात. आपण लेव्हलने जायचं."

बावीस वर्षं लेव्हलने गेले होते. अकराच्या अकरा खिडक्या एकाच बाजूला वाकड्या कशा असतील, हा विचारसुद्धा मनात आला नाही. दोन दिवसांत सगळे ब्लाइंड बसवले. कडांना राहिलेल्या फटी वाकड्या चौकटीच्याच समजून नंतर पट्टीने बुजवायच्या ठरवल्या. मग करमरकरांनी बस डिझेल भरायला काढली. पेट्रोल पंपाच्या सपाट फरशीवर ती उभी राहिली आणि माझे अकराही ब्लाइंड एका बाजूला कललेले दिसले. प्रत्येकाच्या कडेला पाचरीसारखी फट. आत लख्ख उजेड.

यार्डाचे मालक पाटील, तिथलेच. बस परत आल्यावर आत डोकावले आणि कमरेवर हात ठेवून हसले.

"आवो ताई, ह्यो यार्डच उतारावर हाय. पावसाचं पानी जायला आमीच उतार दिलाय. तुमी कोनाला इचारलं नाय?"

नव्हतं विचारलं. घर हलत नाही, म्हणून घरात जमीन सरळ धरायची सवय. बसमध्ये सरळ म्हणजे बसला सरळ. चौकट बघायची, बुडबुडा नाही. करमरकर नुसते त्या फटींकडे बघत राहिले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सगळं उतरवून चौकटीप्रमाणे पुन्हा बसवलं. चॅनेल काढले, लावले, नवी भोकं पाडली. त्या कामाला चार दिवस गेले.

ट्रायलच्या दिवशी सुनंदाताई सूर्य उगवायच्या आधी आल्या. डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेल्या, हातमोजे घातलेल्या. आत मी आणि त्या. माझ्याकडे टॉर्च आणि काळ्या टेपचं रीळ. करमरकर बाहेर. दार उघडायचं नाही, असं ठरलं होतं.

साडेआठपर्यंत बाहेर कडक ऊन झालं. दाराच्या रबरात एक बारीक रेघ सापडली, ती मी टेपने बुजवली. मग बल्ब बंद केला. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा मिनिटं द्यावी लागतात. आम्ही पलंगावर बसलो. हात दिसेना. बाहेर मुंबई-गोवा रस्त्याची वर्दळ नुसती ऐकू येत होती. मी मनात म्हटलं, जमलं.

तेवढ्यात समोरच्या कपाटाच्या पांढऱ्या दारावर मला ओल आल्यासारखा डाग दिसला. नवीन सनमायका, ओल कुठून येणार? मी बघत राहिले. डागात खालच्या बाजूला निळसर रंग होता, वर करडा पट्टा. बाहेर एका ट्रकने हॉर्न दिला. आणि त्या करड्या पट्ट्यावरून, चाकं वर, टप खाली, एक पिवळा ट्रक सरकत गेला.

पाठोपाठ लाल एसटी गेली, तीही उलटी. पलीकडची चहाची टपरी, तिची निळी ताडपत्री, पाय वर करून चालणारी माणसं. झाडाची पानं हलत होती. हिरवी, खरीखुरी. आवाज बाहेरून येत होता आणि चित्र आत हलत होतं, बरोबर त्या आवाजाला जुळून. कुठे मशीन नाही, वायर नाही.

शाळेत हे शिकले होते. उजेड सरळ रेषेत जातो. अंधाऱ्या खोलीला बारीक भोक असेल तर वरचा किरण खाली पडतो, खालचा वर, आणि बाहेरचं चित्र आत उलटं उमटतं. दोन मार्कांचा प्रश्न. उत्तर पाठ होतं, पाहिलं कधीच नव्हतं. आयुष्यभर मी लोकांच्या खोल्या अंधाऱ्या करत आले. हे असं बाहेर थांबलेलं असतं, मला माहीतच नव्हतं.

मग भानावर आले. चित्र आहे म्हणजे भोक आहे. भोक आहे म्हणजे लीक. मागे वळून पाहिलं तर तिसऱ्या ब्लाइंडच्या कडेला मिरीएवढा पांढरा ठिपका. ड्रिल घसरलं होतं. मी टेप फाडली.

सुनंदाताईंनी माझं मनगट पकडलं. "थांबा."

"ताई, उजेड येतोय."

"कळतंय मला. थांबा म्हटलं ना."

कपाटावर एक माणूस आला. उलटा. पांढरा शर्ट, हात पाठीमागे. बसच्या बाजूने चार पावलं गेला, वळला, परत चार पावलं. थांबून रुमालाने डोकं पुसलं.



"यांचे केस सगळे गेले की हो," सुनंदाताई म्हणाल्या.

"घरी दिसत नाहीत?"

"बल्बखाली सगळी माणसं एकसारखीच दिसतात." मग जरा पुढे वाकून, "एवढ्या उन्हात टोपी नाही डोक्यावर. मूर्खासारखे फिरतायत."

त्यांनी मोबाइल काढला. कपाटावरच्या उलट्या माणसाने खिशातून फोन काढून कानाला लावला.

"अहो, टोपी घाला."

तो माणूस जागच्या जागी थांबला. बसकडे बघितलं, मागे बघितलं. "तुला काय माहीत मी टोपी घातली नाही ते?" त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"दिसताय मला."

"कुठून? लीक आहे? शैलाताईंना दे!"

मी फोन घेतला. "मिरीएवढं भोक आहे. आमची चूक. पण त्या टेप लावू देत नाहीयेत."

"लावा! लीक म्हणजे लीक. मी इंजिनियर आहे."

सुनंदाताईंनी फोन काढून घेतला. "आधी टोपी घाला. मग डॉक्टरांना विचारा. मी इथून हलत नाही." आणि फोन बंद केला.

टोपी आली. उलट्या माणसाने ती घातली आणि बसकडे तोंड करून, आम्हाला दिसावी म्हणून, तिच्याकडे बोट दाखवलं. सुनंदाताई इतक्या हसल्या की पलंग हलला.

डॉक्टरांचं उत्तर अर्ध्या तासाने आलं. काचेला फिल्म आहे, ऊन थेट त्या बाजूला नाही, अंगावर पडत नाही, तर एवढ्याने काही व्हायला नको. पण खात्री उद्या सकाळी. हातांवर चट्टे आले तर भोक बंद आणि बसही बंद.

बारा वाजेपर्यंत त्या कपाटासमोर बसून होत्या. कोण आलं, कोण गेलं, टपरीवाला कोणाला दोनदा चहा देतो, सगळं मला सांगत होत्या. दुपारनंतर ऊन त्या बाजूला कललं, तेव्हा मी भोकावर टेप लावली. या वेळी त्यांनी हात धरला नाही, पण कपाटाकडे बघतच राहिल्या. कपाट नुसतं कपाट झालं होतं. अंधार पडेपर्यंत आम्ही आतच होतो. त्या उतरून घरी गेल्या नाहीत.

बाहेर युनूसभाई माझी वाट बघत थांबले होते. "मॅडम, गलती माझी. ड्रिल सटकलं. परवाच बोलणार होतो, हिंमत झाली नाही."

"ड्रिलचं बिट कितीचं होतं?"

"साडेपाच एमएमचं."

मी ते डायरीत लिहून घेतलं.

बस महिनाअखेरीस रत्नागिरीला गेली आणि आठ दिवसांनी परत आली. बहिणीने ओळखलं, असा करमरकरांचा फोन आला. धंद्यातला धडा म्हणाल तर दोन आहेत. चाकांवरच्या घरात स्पिरिट लेव्हल काढायची नाही. आणि गिऱ्हाईक खिडकी बंद करायला सांगतं, तेव्हा त्याला काय नको ते विचारतोच, काय हवं तेही विचारावं. ते मी विचारलं नव्हतं.

पण हे नंतरचं. ट्रायलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी करमरकरांकडे गेले. सुनंदाताईंनी बाह्या कोपरापर्यंत वर करून दोन्ही हात बल्बखाली धरले. मी चष्मा लावून, उलटसुलट करून पाहिले. एक चट्टा नव्हता. करमरकर मागे उभे होते, त्यांनीही पाहिले, मग पुन्हा एकदा पाहिले.

तिथून मी रिक्षा करून पळस्प्याला गेले. त्या तिसऱ्या, पश्चिमेकडच्या ब्लाइंडमधल्या भोकाला पितळी रिंग ठोकली, कापड फाटू नये म्हणून, आणि वरून काळी झडप शिवली. पण ते सकाळच्याच उपयोगाचं होतं. दुपारनंतर ऊन त्या बाजूला येतं आणि बघायला काही उरत नाही. बस कशीही उभी असो, एक भोक सावलीच्या बाजूला हवं. म्हणून पूर्वेच्या बाजूचा ब्लाइंड खाली ओढला. कोरा, एक डाग नाही, कडा चॅनेलमध्ये चपखल. हात एकदा थांबला. मग पंच लावला, साडेपाचचा, आणि हातोडी मारली.