पालथ्या कागदाचे मास्तर

आमच्या गल्लीतल्या उर्दू शाळेच्या मास्तरांनी स्वतःचं वय बायकोलाही सांगितलेलं नव्हतं, असं बाळापुरात म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. मतदार नोंदणीचं काम वर्षानुवर्षे त्यांच्याकडे. लोकांचे अर्ज ते हिरव्या कापडी पिशवीत ठेवत आणि पिशवी मांडीखाली घेऊन बसत. चहा आला की हातातला कागद आधी पालथा होई, मग कप उचलला जाई. लग्नसराईत मुलाकडची माणसं मुलीचं खरं वय काढायला यायची. मास्तर म्हणत, "यादी मत देयासाठी हाय, सोयरीक जमवायसाठी नाई. भिंतीवर लागली का पायजा, सगळ्याईसंगं!" खुद्द त्यांचा मेव्हणा आला, तर त्याला बिर्याणी मिळाली, वय मिळालं नाही. साडीच्या दुकानदाराला बायकांचे पत्ते हवे होते. त्याला म्हणाले, "पत्ता त्याईनं मले देल्ला, तुह्या दुकानाले नाई."

मी अकोल्याच्या एका दैनिकात बातमीदार होतो. कपाशीची ती वाईट वर्षं. गावोगाव शेतकरी जीव देत होते आणि आम्ही त्यांची घरं शोधत होतो. मयताचं नाव कमी करायचा अर्ज मास्तरांकडेच येतो, हे मला ठाऊक होतं. "मास्तर, या महिन्यातली नावं तेवढी सांगा. लोकांच्या भल्याचीच बातमी आहे."

"नाव यादीतून काढाले देल्लं घरच्याईनं, भाऊ. पेपरात चढवाले नाई."

मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

पुढच्या वर्षी माझा थोरला भाऊ गेला. शेती तोच पाहायचा. कसा गेला, ते घरात कोणी उच्चारत नव्हतं. वहिनीला एकच भीती होती, पोरींचे रडके चेहरे पेपरात येतील. भावाचं नाव कमी करायचा अर्ज मीच नेऊन दिला. मास्तरांनी तो पालथा केला आणि चहा मागवला. नंतर त्यांच्या पत्नीने, भाभींनी सांगितलं, दुसऱ्या पेपरचा बातमीदार येऊन गेला. "तीन कप चहा पेला. काईच मिळालं नाई त्याले." गल्लीला सगळं ठाऊक होतं, पण त्या वर्षी गल्लीही मास्तरांसारखी वागली. वहिनीच्या दारात कॅमेरा आला नाही. मास्तरांचे आभार मानायचे मात्र राहून गेले.

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. त्यांचं नाव कमी करायचा अर्ज भरायला भाभींनी मला बोलावलं. पेटीतून त्यांचं मतदार ओळखपत्र काढून त्यांनी त्यावरची जन्मतारीख वाचली.

"इतक्या वर्षांत आज कळलं मले याईचं वय."

किती, ते मी विचारलं नाही. चहा आला. मी अर्ज पालथा केला, मग कप उचलला.