दारामागची भिंत

रंगाचं काम संपलं की प्रत्येक डब्याच्या तळाशी थोडा रंग उरतो. भिंतीला पुरत नाही आणि फेकायला जीव होत नाही. झाकण लावून ठेवला की वर साय धरते. वर्षाने काडीने साय फोडा, खाली रंग ओलाच असतो. कामावरचे किस्से असेच साठत जातात. घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत डबे ठेवायलाही जागा नाही आणि किस्से ठेवायलाही.

आम्ही तिघं एकत्र काम करायचो. मिलिंददादा, माझा मोठा भाऊ, रंगारी. उस्मानचाचा सुतार, मूळचे चिपळूणचे. आणि मी, पुट्टी आणि रोलरवाला. सातवीत शाळा सोडली, तेव्हापासून दादाच माझी शाळा.

दादा जानेवारीत गेला. कामावर नाही, घरीच, दुपारचं जेवून बसला होता तेव्हा. त्याच्याबद्दल लिहायला बसलो की हात थांबतो. किस्से सांगताना थांबत नाही, म्हणून किस्से सांगतो.

पण आधी भिंतीचं सांगायला हवं.

दादाची एक सवय होती. काम संपलं की त्या घराचा उरलेला रंग आणायचा आणि आमचं दार उघडल्यावर मागे जी भिंत झाकली जाते, तिच्यावर पंजाएवढा एक चौकोन मारायचा. तेव्हा संगीतावहिनी भाकरी थापत असायची. चौकोन मारता मारता तो तिला त्या घराची गोष्ट सांगायचा. खिडकी कुठे होती, माणसं कशी होती, चहा कसा होता. नऊ वर्षांत ती भिंत भरत आली. बाकीच्या तीन भिंती मात्र लग्नाच्या वेळी होत्या तशाच राहिल्या, चुना उडालेल्या.

वहिनी टोमणा मारायची, "अख्ख्या मुंबईची घरं माझ्या दारामागे. माझं घर कुठाय?"

दादा म्हणायचा, "थांब गं. आपला रंग सापडू दे. एका दिवसात घर रंगवतो."

या वर्षी वहिनी म्हणाली, बुद्ध पौर्णिमेच्या आत घर रंगवून घेऊ, पण त्यांनी ठरवलेलाच रंग लावायचा. तुला सांगून ठेवला असेल ना? मी पटकन म्हणालो, हो, सांगितलाय.

नव्हता सांगितला. माझं तोंड आधी चालतं आणि डोकं मागून येतं. पौर्णिमेला आठ दिवस उरले. वहिनी दोन दिवस माहेरी बदलापूरला गेली, आणि मी दार लावून त्या भिंतीसमोर बसलो. म्हटलं, यातल्या कुठल्या तरी घरात दादा कधीतरी बोलला असेल, की हा आपला.

*

सगळ्यात वरचा हिरवा, तो अंधेरीचा.

तिथल्या मॅडमच्या फोनमध्ये घरांचे चारशे फोटो होते. रोज झोपण्याआधी दहा सेव्ह करायच्या. सगळी घरं परदेशातली. पांढरा सोफा, लाकडी जमीन, आणि खिडकीबाहेर बर्फ. त्यांचं म्हणणं, हॉलमध्ये अगदी असाच उजेड पाहिजे.

दादाने सगळे फोटो बघितले. चारशेच्या चारशे. मी दोनदा लघवीला जाऊन आलो. मग म्हणाला, "मॅडम, भिंत मी देतो. बर्फाचं तुम्ही बघा."

त्या हसल्या. मग दादाने त्याचा नेहमीचा प्रश्न विचारला. फोन बाजूला ठेवा, डोळे मिटा आणि सांगा, लहानपणी कुठे बसलं की बरं वाटायचं?

हा प्रश्न तो प्रत्येक घरात विचारायचा. मोठमोठी माणसं आधी लाजायची, मग मुकाट डोळे मिटायची. त्या मॅडमनीही मिटले. मग म्हणाल्या, शाळेच्या लायब्ररीत. हिरवी खिडकी होती, दुपारी तिच्यातून उजेड आला की पुस्तकाचं पानसुद्धा हिरवं दिसायचं.

हॉलला तो हिरवा लागला. महिन्याने त्यांचा दादाला फोन आला. म्हणाल्या, ते चारशे फोटो डिलीट करून टाकले, आता झोपण्याआधी काय करू?

*

जांभळा मुलुंडच्या काका-काकूंचा. काका रिटायर्ड. त्यांना सगळं घर पांढरं हवं होतं, काकूंना जांभळं. चाळीस वर्षांच्या संसारातलं हे पहिलंच भांडण असावं, कारण दोघांनाही भांडता येत नव्हतं. काका आम्हाला सांगायचे, "तिला विचारा." काकू म्हणायच्या, "त्यांना विचारा." दोन दिवस आम्ही नुसते या खोलीतून त्या खोलीत.

शेवटी दादाने घर पांढरं केलं आणि उस्मानचाचांनी बनवलेलं काकूंचं कपाट आतून जांभळं. बंद केलं की काकांचं घर, उघडलं की काकूंचं.

दोन महिन्यांनी काकूंचा फोन. कपाटाच्या दाराच्या बिजागऱ्या सैल झाल्यात, सुताराला पाठवा. चाचा चिडले. म्हणाले, माझ्या बिजागऱ्या दहा वर्षं हलत नाहीत. काकूंनी आवाज बारीक केला. "तुमची चूक नाही हो. मी देवळात गेले की आमचे हे कपाट उघडून समोर खुर्ची टाकून बसतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही."

*

या जांभळ्याच्या खाली एक पांढऱ्यातला पांढरा आहे, त्याच्यावर माझी बोटं उमटलीत. तो बोरिवलीचा. त्याचा किस्सा माझ्यावरच आहे.

घरमालक तरुण होता, फॅशनेबल. घर दाखवताना त्याची नजर आमच्या घोड्यावर गेली. घोडा म्हणजे रंगाऱ्याची दुपाखी शिडी. आमच्या घोड्यावर बारा वर्षांचे थेंब होते, सगळ्या रंगांचे, थरावर थर. तो म्हणाला, हा पीस मला कोपऱ्यात ठेवायचाय, वर झाडं लावून. कितीला देता?

दादा म्हणाला, "घोडा दिला तर आम्ही काय पंख्याला लटकून रंगवू?"

तो ऐकेना. मग ठरलं, चाचा नवा घोडा बनवतील आणि त्याच्यावर थेंब मी टाकायचे. मी खूश. आयुष्यभर थेंब सांडले म्हणून शिव्या खाल्ल्या होत्या, आता तेच काम. दोन तास बसलो. लाल, पिवळा, निळा, सगळे ओळीत.

दादा आला, बघितलं, कपाळाला हात लावला. "बारक्या, एवढे नीट थेंब कुठल्या रंगाऱ्याचे पडतात? रोज प्रायमरमध्ये पाणी जास्त ओतून भिंतीवर ओघळ काढतोस, तेव्हा तुला कोण शिकवतं? तसं कर ना."

मला काही केल्या जमेना. हात नेमका त्याच दिवशी सुधारला होता. शेवटी दादाने मला घोड्यावर चढवलं, हातात ब्रश दिला आणि म्हणाला, छत रंगव. दहा मिनिटांत घोडा तयार.

पाण्यावरून मात्र त्याने मला शेवटपर्यंत सोडलं नाही. डब्यावर लिहिलेलं प्रमाण मी कधी वाचलं नाही, घाईत अंदाजाने ओतायचो. दादा म्हणायचा, तू रंग लावत नाहीस रे, भिंतीला आंघोळ घालतोस.

*

मग तो पिवळा. कच्च्या कैरीच्या आत असतो तेवढाच पिवळा. हा कुणाच्याच घराचा नाही.

गोरेगावला एका स्टुडिओत घराचा सेट रंगवायचा होता. दोन दिवसांचं काम. घराला छप्पर नव्हतं, वर नुसते लाइट. खिडकी होती, खिडकीबाहेर काही नव्हतं. शूटिंगनंतर तोडायचंच होतं. आम्हाला सांगितलं होतं, स्वयंपाकघराच्या तीनच भिंती रंगवा, चौथ्या बाजूला कॅमेरा लागणार. त्या बाजूला अर्धी प्लायवूडची भिंत होती, ती कोरीच ठेवायची.

दादाने तीही रंगवली. दोन हात मारले, जसे घरच्या भिंतीला मारतात तसे. मी म्हटलं, अरे, ही कुणाला दिसणार नाही. तो म्हणाला, "ज्या बाईचं हे घर दाखवलंय, ती इथे उभी राहून चहा करणार. तिला तर दिसेल ना."

दुसऱ्या दिवशी आम्ही सामान न्यायला गेलो तर शूटिंग चालू होतं. मधल्या सुट्टीत ती नटी तिच्या मेकअपच्या व्हॅनमध्ये गेली नाही. त्या अर्ध्या भिंतीसमोर खुर्ची घेऊन बसली होती, हात मांडीवर, डोळे मिटून. कुणीतरी बोलवायला गेलं, तर तिने हातानेच सांगितलं, थांबा.

त्या दिवशी घरी येताना दादा मेट्रोच्या खिडकीशी उभा होता. आमची टेकडी दिसायला लागली तेव्हा म्हणाला, "छप्पर नसलेल्या घरात पण माणूस बसतो रे, बारक्या." मला वाटलं, हाच. हाच पिवळा असणार आपला. पण घरी गेल्यावर त्याने चौकोन मारला, वहिनीला गोष्ट सांगितली आणि जेवून झोपला. म्हणजे तोही नाही.

*

शेवटी उस्मानचाचांना फोन केला. म्हटलं, चाचा, तुमच्याजवळ कधी बोलला का?

चाचा म्हणाले, एकदा विचारलं होतं. मुलुंडला, जेवणाच्या सुट्टीत. "मी म्हटलं, मिलिंद, सगळ्यांचे डोळे मिटवतोस, आज तू मिट. तुझ्या घरात काय दिसतं सांग."

"मग?"

"त्याने मिटले."

"मग काय म्हणाला?"

"घोरायला लागला. तासभर उठला नाही. मी त्याच्या वाटणीची खोली पण घासून टाकली."

चाचा हसले, मीही हसलो.  मग चाचा म्हणाले, वहिनीला खरं काय ते सांगून टाक. आणि फोन ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी त्या भिंतीसमोर बसलो. डोळे मिटले, उघडले. चौकोन एवढे होते की एकही नीट दिसेना. मला वाटलं, भिंत कोरी झाली तर तिच्यावर दादाचा रंग आपोआप दिसेल.

आणि मी उठलो. प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराचा, डबा उघडला, बादलीत पाणी ओतलं, ढवळलं, आणि रोलर फिरवला. भिंत घासली नाही, काही नाही. दहा मिनिटांत अंधेरी गेली, मुलुंड गेलं, बोरिवली गेली. गोरेगावच्या पिवळ्यावर रोलर फिरला तेव्हा डोकं आलं, नेहमीसारखं मागून.

नऊ वर्षं गेली होती. दादाच्या हाताचं घरात तेवढंच होतं.

फडकं घेऊन पुसायला गेलो तर आणखी राड झाली, म्हणून सोडून दिलं. सगळी भिंत दुधासारखी ओली, पांढरी. दार अर्धं उघडून मी उंबऱ्यात बसून रडलो. खाली मेट्रो येत होती, जात होती. ऊन खिडकीतून आत आलं, लादीवर सरकलं, भिंतीच्या पायाशी पोचलं. रडून रडून मला तिथेच डुलकी लागली.

जाग आली ती वहिनीच्या चपलांच्या आवाजाने. बदलापूरची पिशवी तिच्या हातातच होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी वळून बघितलं. भिंत वाळली होती आणि सगळे चौकोन वर आले होते. पूर्ण नाही. पाण्यात पडलेलं काही वरून दिसावं तसे, पांढऱ्याच्या आत, फिके, कडा विरघळलेले. हिरवा होता, पण हिरव्याची आठवण असावी एवढाच. ऊन बरोबर तिथवर पोचलं होतं आणि सगळी भिंत श्वास घेतल्यासारखी दिसत होती.

वहिनीने पिशवी खाली ठेवली. दार ओढून घेतलं, म्हणजे भिंत सगळी मोकळी झाली. जवळ गेली. एका चौकोनावर बोट ठेवलं. "अंधेरी. चारशे फोटोवाली." मग खाली. "मुलुंड. कपाट." मग पिवळ्यावर अख्खा हात ठेवला.

मी म्हणालो, "वहिनी, मी खोटं बोललो. दादाने मला रंग सांगितला नव्हता."

"माहितीये," ती म्हणाली. "त्यांनाच सापडला नव्हता, तुला कुठून सांगणार?"

मी उठलो. रोलर उचलून म्हटलं, अजून एक हात मारला तर सगळं झाकून जाईल, मग तू सांगशील तो रंग लावतो. आज रात्रीपर्यंत करतो.

तिने माझ्या हातातला रोलर काढून घेतला आणि बादलीत वाकून बघितलं. "पाणी किती घातलं होतंस?"

"अंदाजाने."

ती बादलीकडे बघत राहिली. मग तिने त्या तीन भिंतींवरून नजर फिरवली, चुना उडालेल्या.

"उद्यापासून कामावरून येताना उरलेला रंग घेऊन यायचा, या भिंतींवर चौकोन मारायचे," ती म्हणाली. "आणि पाणी एवढंच घालायचं."