अवतरणचिन्हातली ताई

रविवारची दुपार, पोटात मसालेभात, आणि मैथिलीचे डोळे मिटतायत म्हणजे मिटतायतच. उशीवर कागद. त्यावर एकच ओळ, अवतरणचिन्हांत: "जाणारा माणूस आपल्याला काहीतरी देऊन जातो." खांबेटे बाईंनी बजावलंय, अवतरण नुसतं डकवायचं नाही, स्वतःच्या अनुभवाशी जोडायचं. उद्या स्पर्धेत निबंध वाचायचाय. आणि अनुभव तर मैथिलीकडे जबरदस्त आहे! रेणूताई, सख्खी बहीण, गेल्या वर्षी तापात गेली. पहिलं बक्षीस जातंय कुठे?

"कुठे जातंय?" रेणूताई जिना उतरत विचारते. यांच्या घराला जिनाच नाही.

"ताई! तू?"

"अवतरण म्हणजे उतरणं, ढब्बू. तू चिन्हं काढलीस, मी उतरले. बोल, काय देऊन गेले मी?"

जिना संपतो तो शाळेच्या हॉलमध्ये. बाकांवर मुलं, परीक्षक, सगळे भिंतीकडे तोंड करून बसलेले. मैथिली घसा खाकरते. "ताईने मला जिद्द दिली."

"थापा! सलाईनची सुई बघून भोकाड पसरलं होतं मी."

"मग... संयम?"

"चिमटे काढायचे गं मी तुला."

"अगं, काहीतरी सांग ना! उद्या वाचायचंय!"

हॉलला फिनाईलचा वास येतो. बाकाचा लोखंडी पलंग होतो. ताई त्यावर बसते, मैथिलीचे न्हाऊन मोकळे सोडलेले केस ओढून घेते आणि वेणी घालायला लागते. करकचून, नेहमीसारखी.

"द्यायचं सुचलंच नाही, मैथू. मी परत येणार होते. सोमवारचं दप्तरसुद्धा भरलं होतं."

"मग मी काय लिहू?"

"काही नाही दिलं. नुसती गेले."

"पण मग जोडलंच जात नाही!" मैथिलीला रडू फुटतं. "बाई म्हणतील, अवतरण एकीकडे, अनुभव भलतीकडे."

"हलू नकोस. रबर दे."

मैथिली रबर शोधायला वळते आणि जागी होते.

ओळीखाली अजून काहीच नाही. पाठीवर मात्र वेणी आहे. करकचून घातलेली, टोकाला रबर नसलेली. मैथिलीला स्वतःची वेणी घालता येत नाही. ती उठून बसते तशी वेणी खालून उलगडू लागते. ती टोक उजव्या मुठीत गच्च धरते.

"झाला का गं निबंध?" आई स्वयंपाकघरातून विचारते.

लिहायला मैथिली हात बदलू बघते, तर आणखी एक पेड सुटतो.