टोळाची वेळ

बहरीनला बुदैयाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात टोळ मासा गरवायचा तर दिवस मावळायची वाट बघावी लागे. उजेडात पाणी इतकं नितळ असे, की तो लांबट, दातेरी मासा गळाची दोरी बघून दूरच राहायचा. सूर्य टेकला की बारक्या माशांमागे उथळात यायचा आणि पुरता अंधार पडेपर्यंतच गळाला लागायचा. हे मला दादांनी शिकवलं. दादा गुहागरकडचे, माझ्याच खोलीत राहायचे, कंपनीची शिफ्टची बस चालवायचे. शुक्रवारी सुटी असली की एक पिकअप मागून घेऊन आम्ही दोघं जायचो.

एका हिवाळ्यात ते गळ बांधायला मला देऊ लागले. मग एका संध्याकाळी त्यांनी मोठा टोळ वाळूवर ओढून आणला आणि भलतीकडेच चाचपडू लागले.

"कुठाय रे?"

"पायाशी आहे, दादा! चष्मा घ्या आता."

"गप. चष्मा लावला तर सासरा मुलगी परत मागेल."

मी हसलो. परतताना ते म्हणाले, "नुसता बसू नकोस, बोलत राहा. रस्त्यात काय काय आहे ते सांग." मला गंमत वाटली. मग मी एकदम ओरडलो, "दादा, सायकल!" त्यांनी करकचून ब्रेक दाबला. सायकलवाला थोडक्यात वाचला. तेव्हा मला कळलं, अंधारात ते माझ्या डोळ्यांनी गाडी चालवत होते.

आणि हिवाळ्यात शिफ्टची बस अंधारातच सुटायची, माणसांनी भरलेली.

मी सुपरवायझरला सांगितलं. दादांच्या तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. साहेबाला सांगणं सोपं होतं. दादांची मेडिकल झाली, डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले, व्हिसा रद्द झाला. गावी त्यांच्या मुली शाळेत होत्या, हे मला माहीत होतं.

निघताना त्यांनी दोरी गुंडाळलेली फळी माझ्या हातात ठेवली.

"तूच सांगितलंस ना?"

मी मान खाली घातली.

"बरोबर केलंस. पण आधी मला बोलायचंस रे. बसची चावी मीच नेऊन दिली असती. दिवसाचं काही काम मागितलं असतं."

पुढच्या शुक्रवारी मी एकटाच बुदैयाला गेलो, भर दुपारी. त्या उजेडात टोळ लागणार नाही, हे माहीत होतं. तरी गळ टाकून बसलो आणि सूर्य टेकायच्या आत दोरी गुंडाळून परत आलो. बहरीन सोडेपर्यंत मी तसाच जात राहिलो. टोळाच्या वेळेला तिथे थांबणं मला कधी जमलं नाही.