अन्य वारस नाही

माझं अक्षर चांगलं आहे. नगरच्या एका शाळेत मी कारकून होतो. शाळा सोडल्याचे दाखले, फळ्यावरच्या सूचना, निवृत्त होणाऱ्या गुरुजींची मानपत्रं, सगळं माझ्याच हातचं असायचं, आणि मला त्याचा चांगलाच तोरा होता. वडील गेले त्या वर्षी याच अक्षरात मी एक धडधडीत खोटं लिहिलं. तेही इतकं वळणदार, की वाचणाऱ्यानं कौतुक करावं.

ही पंचाण्णव-शहाण्णवच्या आसपासची गोष्ट. आम्ही नवरा-बायको भिंगारला दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. वडील गावी, पारनेर तालुक्यात. आई आधीच गेलेली. वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. त्यांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी दवाखाना केला, पंधरा दिवसांनी त्यांना घरी आणलं आणि रजा संपली म्हणून भिंगारला परतलो. पुढचे तीन महिने त्यांचं सगळं केलं ते माझ्या थोरल्या बहिणीनं. आक्का शेवगावकडे दिलेली. आपलं घर, गुरं, दाजी सगळं मागं टाकून ती येऊन राहिली. आण्णांचं अंग पुसणं, कूस बदलणं, भात कुस्करून भरवणं तिच्याकडे. मी शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं केळी घेऊन जायचो आणि रविवारी परत यायचो. गावातले लोक म्हणायचे, पोरगं नोकरीला असून दर आठवड्याला येतं बघा. मी ते गुमान ऐकून घ्यायचो.

आण्णा एका मंगळवारी गेले. म्हणजे मी नव्हतो.

रडायचं तेव्हा मला रडू आलंच नाही. दहाव्याला मी पाहुण्यांची उठबस, आचारी, मांडव यांतच होतो. रडू आलं ते तहसील कचेरीत. रेशन कार्डावरचं नाव कमी करायला गेलो होतो. खिडकीतल्या कारकुनानं पट्टी ठेवली, लाल शाईनं आण्णांच्या नावावर सरळ रेघ मारली आणि कार्ड माझ्यापुढं सरकवलं. मीही कारकून. अशा रेघा मी हजेरीपटावर कितीदा मारल्या असतील. बाहेर सायकली लावतात तिथं जाऊन मी हमसून हमसून रडलो. त्यानंतर जिथं जाईन तिथं तेच. सोसायटीत, वीज मंडळात, चावडीत आण्णा आता आण्णा राहिले नव्हते. ते मयत झाले होते. मयताचे नाव, मयताचे वय, मयताशी नाते. प्रत्येक अर्ज मी सुवाच्य अक्षरात भरायचो.

हे सांगतोय ते दुःखाची ढाल पुढं करण्यासाठी नाही. दुःख खरं होतं. पण त्याच दुःखात मी जे केलं, ते करताना डोकं अगदी ठिकाणावर होतं.

शेत आण्णांच्या नावावर. त्याला वारसांची नावं लावायची, तर तलाठ्याकडे अर्ज आणि सोबत प्रतिज्ञापत्र. तहसीलबाहेर अर्ज लिहून देणारा एक जण बसायचा. त्यानं विचारलं, भावंडं किती? म्हटलं, एक बहीण. तो म्हणाला, मग तिचं नाव आधी लागणार आणि मागाहून हक्कसोडपत्र करून घ्यावं लागणार.

हक्कसोड आमच्याकडे घरोघरची. बहिणीला तालुक्याला न्यायचं, रजिस्ट्रारपुढं तिनं सही करायची की वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी भावाला सोडला, मग भावानं तिला साडी-चोळी घ्यायची, हॉटेलात जेवू घालायचं आणि एसटीत बसवून द्यायचं. बहिणीला काय वाटतं ते विचारायची पद्धत नाही. तरी माझ्या मनात पाल चुकचुकली. आक्का तयार होईल, पण दाजी? दहाव्याला त्यांनी विचारलं होतं, शेतात औंदा कांदा किती लावलाय? एवढंच. माणूस दुसरं काय बोलणार, जावई दहाव्याला येऊन बोलून बोलून काय बोलेल? पण मी त्या एका प्रश्नावर आठ दिवस विचार केला.

शेवटी अर्ज लिहिणाऱ्याला म्हणालो, राहू दे, मीच लिहितो. आणि तिथंच बाकावर बसून लिहिलं, "मयतास माझ्याव्यतिरिक्त अन्य कोणीही वारस नाही." गावातल्या दोघांच्या सह्या घेतल्या. त्यातल्या एकानं सही करताना मान वर करून माझ्याकडे बघितलं. तलाठी नवीन बदलून आलेला, त्याला आमचं घर ठाऊक नव्हतं. नोटीस चावडीत लागली, मुदत सरली, कोणाची हरकत आली नाही. शेत माझ्या एकट्याच्या नावावर झालं. बायकोलाही मी नीट सांगितलं नाही. म्हटलं, झालं एकदाचं काम.

श्रावणात पंचमीला आक्काला आणायला गेलो. आण्णा गेल्यावर पहिलीच पंचमी, आणली नसती तर गावानं नावं ठेवली असती. आमचा मुक्काम गावच्या घरीच. आदल्या दिवशी सकाळी तिनं पिशवीतून एक पाकीट काढलं. आत तिचे दोन फोटो, शेवगावच्या स्टुडिओत काढलेले. डोक्यावर पदर, डोळे ताठ.

"हक्कसोडीला फोटू लागत्यात म्हनं," ती म्हणाली. "आपलं काम हून जाऊ दे. तुझं दाजीच म्हनलं, आण्णांचं शेत हाय, भावाच्या नावावं करून दे आन् मोकळी हो."

मी म्हणालो, घाई काय आहे, सण होऊन जाऊ दे. ती म्हणाली, सण झाल्यावर मला गुरांकडं जायचंय. मी म्हणालो, तलाठी आज नसेल. ती म्हणाली, शेजारणीनं सांगितलंय, आज चावडीत बसतो. तेव्हा मी तिला तिथंच, उंबऱ्यात बसवून, खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तलाठी नसेल अशी आशा करत तिच्या मागून चालत राहिलो. तिला त्या दिवशी उपास होता. पंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बहिणी भावासाठी उपास धरतात. तिनं चहासुद्धा घेतला नव्हता.

तलाठी होता. तेव्हा उतारे संगणकावर नव्हते, तलाठी भाऊसाहेबांच्या हातानं लिहिलेल्या वह्या असायच्या. आक्कानं फोटो टेबलावर ठेवले आणि काय करायचंय ते सांगितलं. त्यानं वही काढली, पान उलटलं, परत उलटलं.

"बाई, हक्क सोडायचा तर आधी नाव पाहिजे," तो म्हणाला. "तुमचं नाव कुठंच नाही. यांनी लिहून दिलंय, दुसरा वारस नाही."

आक्काला वाटलं, त्याची काही गफलत झाली असेल. ती म्हणाली, मी थोरली, हा माझ्या पाठचा. भाऊसाहेबांनी माझं प्रतिज्ञापत्र काढून तिच्यापुढं धरलं. ती चौथी शिकलेली, पण जोडाक्षरांना अडखळायची. तिनं कागद जवळ धरला, मग माझ्याकडे दिला.

"वाच," ती म्हणाली. "तुझंच अक्षर हाय न्हवं?"

मी वाचलं. शाळेत सूचना वाचतो तसं, एका दमात. चावडीत आणखी तिघं-चौघं बसले होते. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं, आणि तेवढ्यातही मनात आलं की ही बाई आता सगळ्यांसमोर गळा काढणार. तिनं गळा काढला नाही. फोटो उचलले, पाकिटात घातले आणि निघाली.

वाटेत ती माझ्यापुढं चालत होती. घर आलं तेव्हा दारात थांबून म्हणाली, "मला ढेकूळबी नको हुतं. पर आण्णांना लेक हुती, एवढं तरी लिहायचं हुतंस."

मी पाया पडलो. ती म्हणाली, ऊठ. एवढंच. दुसऱ्या दिवशी पंचमीला तिनं माझ्या बायकोच्या बरोबरीनं पुरणाची दिंडं केली, नागाला पुजलं, मला पहिलं ताट वाढलं. तिनं नेहमीसारखा आग्रह केला नाही, ते मला सगळ्यात जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सण झाल्याबरोबर मी तिचं नाव लावायचा अर्ज केला. आधी का लावलं नाही, याचं कारण लिहायला जागा होती. मी पेन धरून बसून राहिलो. भाऊसाहेब म्हणाले, लिहा की, नजरचुकीने राहिले. मी लिहिलं. नजरचुकीने. ज्या बहिणीनं तीन महिने बापाची कूस बदलली, ती माझ्या नजरेतून चुकली. कागदाला तेही चाललं.

दिवाळीच्या आत नोंद झाली. उताऱ्याची नक्कल घेऊन मी शेवगावच्या एसटीनं तिच्याकडे गेलो. मला वाटत होतं, आता सगळं धुऊन निघेल. तिनं हात पुसून कागद घेतला, खांबाला टेकून बसली आणि बोटानं एकेक अक्षर लावत स्वतःचं नाव वाचलं. मग त्याच्यापुढचं आण्णांचं. तिथं बोट बराच वेळ राहिलं. आण्णा गेल्यावर ती माझ्यासमोर रडली ती त्या दिवशी, आवाज न करता. मीही रडलो. आम्ही दोघं एकत्र रडलो ते एवढंच.

मग तिनं कागदाची घडी घालून ब्लाउजात ठेवली आणि म्हणाली, "पंचमीला मी सोडायलाच आले हुते. आता न्हाई सोडत. माझं नाव हाय तितं ऱ्हाऊ दे."

मी म्हणालो, राहू दे आक्का, तुझंच आहे. अगदी मनापासून म्हणाल्यासारखं म्हणालो. तिनं डोळे पुसले आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली.

त्या शेतातलं तिनं आजवर काही मागितलेलं नाही. ते मला तेव्हा माहीत असतं तरी फरक पडला असता असं वाटत नाही. कारण ती आत स्टोव्हला पंप मारत होती, माझे डोळे अजून ओले होते, आणि मी मनातल्या मनात शेताचे दोन तुकडे पाडून बघत होतो, विहीर कोणाकडे जाईल ते.